बँकॉक दोघांसाठी: पाच रात्री, एकच शहर, आणि दिवसाला दोनच गोष्टी

आम्ही दोघं बँकॉकला दोनदा गेलो. पहिल्यांदा टूर कंपनीच्या पॅकेजमधून, चाळीस जणांची बस, सकाळी साडेसहाला वेक-अप कॉल, दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक, आणि मधे एका रत्नांच्या दुकानात दीड तास बसवून ठेवलेलं. दोघांचे एकत्र असे धड चार फोटो पण आले नाहीत त्यात. दुसऱ्यांदा स्वतः सगळं बुक करून गेलो, पाच रात्री, फक्त बँकॉक, आणि तेव्हा मला कळलं की हे शहर दोन माणसांनी हातात हात घालून फिरायला किती छान आहे. तेव्हापासून मैत्रिणी, बहिणी, ऑफिसमधली नवीन लग्न झालेली मुलं सगळी विचारतात की कसं केलंत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय, क्रमाने, म्हणजे वाचता वाचता बुकिंग करता येईल.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दिवसाला दोनच गोष्टी ठरवायच्या. एक सकाळी, एक संध्याकाळी. दुपार मोकळी. बँकॉकचं ऊन आणि दमटपणा मुंबईच्या मे महिन्यासारखा असतो, त्यात पाच देवळं आणि तीन मॉल कोंबले की चौथ्या तासाला नवरा-बायको एकमेकांवर खेकसायला लागतात, हे आम्ही केलंय म्हणून सांगतेय.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. हवा जरा कोरडी असते, संध्याकाळी नदीकाठी वारा असतो, पण गर्दी आणि हॉटेलचे भाव पण तेव्हाच चढलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवेत धुरकं असतं, दमा वगैरे असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर घ्या. मार्च ते मे प्रचंड उकाडा, पण आंब्याचा सीझन तेव्हाच, आणि १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यावर अख्खं शहर एकमेकांवर पाणी उडवतं. ते आवडणाऱ्यांनी मुद्दाम त्याच वेळी जावं, शांतता हवी असेल तर तो आठवडा टाळावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त पाऊस. पण आपल्याला पावसाचं काय कौतुक, छत्री घेऊन फिरायची सवय असेल आणि बजेट कमी असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलं स्वस्त मिळतात, सर येते आणि बऱ्याचदा तासा-दोन तासात निघून जाते.

मग कागद

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने व्हॅलिड पाहिजे. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पासपोर्टवर जुनं असेल तर काही अडत नाही, फक्त विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा, अगदी स्पेलिंगसकट. ही चूक खूप जणींची होते, नवरा प्रेमाने नवीन नावाने तिकीट काढतो आणि मग एअरलाइनच्या मागे धावावं लागतं.

व्हिसाचं म्हणाल तर भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय प्रवेश मिळायला लागला आणि जुलै २०२४ मध्ये ती मुदत ६० दिवस केली गेली. पण हे नियम मधेच बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर एकदा बघायचंच, ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून नाही.

१ मे २०२५ पासून एक नवीन गोष्ट आली आहे, टीडीएसी, म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड. पूर्वी विमानात कागदी फॉर्म भरायचो त्याच्या जागी हे. पोचायच्या तारखेच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, दोघांचं वेगवेगळं, आणि हे फुकट आहे. फुकट आहे हे परत लिहिते कारण सर्च केलं की वर ज्या साइट येतात त्यातल्या काही पैसे मागतात, त्या सरकारी नाहीत. थाई इमिग्रेशनची साइट डॉट जीओ डॉट टीएच ने संपते तेवढं बघा. भरून झालं की क्यूआर कोड येतो, त्याचा स्क्रीनशॉट दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

शिवाय परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, ट्रॅव्हल इन्शुरन्स, थोडी कॅश. इमिग्रेशनला विचारलंच तर दाखवता आलं पाहिजे. इन्शुरन्स टाळू नका, परदेशात नुसता पाय मुरगळला तरी हॉस्पिटलचं बिल बघून घाम फुटतो.

मुंबईहून थेट विमान साधारण चार-साडेचार तास घेतं. पुण्याहूनही थेट विमान सुरू झालं होतं, त्या सीझनचं वेळापत्रक बघा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणून मी रात्रीचं विमान घेत नाही. रात्री एक-दोनला निघून सकाळी सात-आठला पोचायचं, हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनला, आणि मधले सहा-सात तास बॅगा आणि झोपाळलेले चेहरे घेऊन लॉबीत. सुट्टीची सुरुवात अशी करू नका, दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

पैसे

तिथलं चलन बाहत. एक बाहत म्हणजे ढोबळ मानाने पावणेतीन ते तीन रुपये धरून हिशोब करा, थोडं जास्त धरलेलं बरं. मी तर सरळ तीनने गुणते, उरलं तर आनंदच. निघताना इथूनच दोघांना मिळून पाच-सहा हजार बाहत घेऊन जायचे, एअरपोर्टवर अडकायला होत नाही. बाकी फॉरेक्स कार्ड. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशे बाहतच्या वर फी कापतात, म्हणून सारखे सारखे थोडे थोडे काढू नका. आणि मशीनवर किंवा दुकानात विचारलं की रुपयात कापू का बाहतमध्ये, तर कायम बाहत. रुपया दिसला की आपल्याला आपलं वाटतं, पण तो रेट वाईट असतो.

आमचा खर्च सांगते म्हणजे अंदाज येईल. हॉटेल रात्रीला दोन हजार बाहतच्या आसपास, खाणं-पिणं दोघांचं दिवसाला हजार-बाराशे, फिरणं दोनशे-तीनशे. देवळांची तिकिटं वेगळी, ती परदेशी माणसाला चांगलीच लागतात: ग्रँड पॅलेस ५००, वात फो ३००, वात अरुण २००, म्हणजे माणशी हजार (वात म्हणजे देऊळ). आणि एक पाकीट वेगळं ठेवलं होतं, त्यात चार हजार बाहत, "मनात आलं म्हणून" या नावाचं, दोन हजार माझे दोन हजार नवऱ्याचे, त्यावर प्रश्न विचारायचा नाही. हे पाकीट जरूर करा. त्याने त्यातून बॅडमिंटनचे शूज घेतले, मी सिरॅमिकचे बाऊल घेतले, आणि एकदाही "हे कशाला" झालं नाही.

हॉटेल कुठे घ्यायचं

इथे घाई करू नका, निम्मी ट्रिप यावर ठरते. स्वस्त म्हणून लांबचं हॉटेल घेतलं की रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये, आणि तिथला ट्रॅफिक आपल्या घोडबंदर रोडला मान खाली घालायला लावेल असा. माझा नियम एकच, हॉटेलपासून स्कायट्रेनचं किंवा मेट्रोचं स्टेशन चालत सात-आठ मिनिटांच्या आत. मॅपवर मोजून बघायचं.

सुखुमवित भागात आसोक आणि फ्रॉम फोंग ही स्टेशनं जोडप्यांसाठी चांगली. आसोकला स्कायट्रेन आणि मेट्रो दोन्ही मिळतात. नाना स्टेशनच्या आसपास भारतीय हॉटेलं भरपूर, पण रात्रीचं वातावरण थोडं वेगळं असतं तिथलं, बार वगैरे, कुणाला चालतं कुणाला नाही, तेवढं माहीत असू द्या. सिलोम-सथोर्न भाग दिवसा ऑफिसांचा, संध्याकाळी शांत, लुंफिनी पार्क जवळ, नदीचा धक्का पण जवळ. आम्ही दुसऱ्या वेळी तिथेच राहिलो. आणि हनिमून असेल, खिशाला झेपत असेल, तर शेवटच्या दोन रात्री नदीकाठच्या हॉटेलात घ्या, साफान ताक्सिन स्टेशनच्या आसपास, सकाळी उठून खिडकीतून चाओ फ्राया नदीवरच्या बोटी बघायच्या आणि चहा प्यायचा. पाचही रात्री तिथे घ्यायची गरज नाही, दोन पुरतात. खाओ सान रोड मात्र बॅकपॅकवाल्या तरुण पोरांचा, रात्रभर गाणी, झोपेचं खोबरं.

बुक करताना "डबल बेड" आहे का "ट्विन" ते वाचा. हे लिहायला लागतंय पण आमच्या ओळखीत दोन जोडप्यांना वेगवेगळ्या कॉटवर झोपावं लागलं.

उतरल्यावर

बहुतेक थेट विमानं सुवर्णभूमी एअरपोर्टला उतरतात, काही डॉन म्युआंगला. नाव आपल्या संस्कृतमधलंच, पण तिथला ड्रायव्हर त्याला सुवन्नाफूम म्हणतो, सुवर्णभूमी म्हटलं तर कळणार नाही. शहराचं नाव पण त्यांच्यासाठी बँकॉक नाहीच, क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी, आणि पूर्ण नाव तर एवढं लांबलचक आहे की त्यात रत्नकोसिन, महिंद्र, अयोध्या, विश्वकर्मा सगळे येऊन जातात.

सामान कमी असेल तर एअरपोर्टच्या खालूनच रेल लिंक मिळते, फाया थाई या शेवटच्या स्टेशनपर्यंत ४५ बाहत, अर्ध्या तासाच्या आत, तिथे स्कायट्रेन बदलायची. आधी मक्कासानला उतरलं तर मेट्रो. बॅगा मोठ्या असतील तर खालच्या मजल्यावर टॅक्सीचं मशीन आहे, ते चिठ्ठी देतं, त्यावर लेनचा नंबर असतो, तिथे जाऊन बसायचं. मीटर ३५ बाहतपासून सुरू होतो, एअरपोर्टचे ५० वरती, आणि एक्सप्रेसवेचा टोल आपण द्यायचा. मीटर टाकत नाही म्हणाला तर उतरा आणि दुसरी घ्या, शांतपणे. ग्रॅब किंवा बोल्ट ॲपवर आधीच आकडा दिसतो, ते सगळ्यात कमी डोकेदुखीचं. त्यासाठी नेट लागतं म्हणून ई-सिम घरूनच टाकून घ्या, एकाच्याच नाही, दोघांच्या फोनमध्ये. बाजारात चुकामूक झाली की मग कळतं का ते.

शहरात फिरायला स्कायट्रेन, मेट्रो आणि बोट एवढं पुरतं. मेट्रोला आपलं टॅपवालं कार्ड गेटवर सरळ चालतं. स्टेशन आलं की अनाउन्समेंट होते "सथानी...", नीट ऐका, ते आपलं स्थानच आहे. बोटीचं सांगायचं तर साफान ताक्सिनच्या खाली सथोर्न धक्का, तिथून नारंगी झेंड्याची बोट, १६ बाहत, ऑफिसला जाणारी माणसं, भिक्खू, शाळेची मुलं सगळे त्यातच. टुरिस्टवाली निळ्या झेंड्याची बोट महाग, तिकीटवाले तिकडेच ढकलतात, नारंगीसाठी थोडं थांबा. टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, एकदा बसा हौस म्हणून, संध्याकाळी, भाव आधी ठरवून.

दिवस कसे लावायचे

पोचलात त्या दिवशी काही नाही. आंघोळ, झोप, संध्याकाळी हॉटेलच्या गल्लीत चक्कर. गल्लीला तिथे सोय म्हणतात. सेव्हन-इलेव्हनमध्ये जाऊन पाण्याच्या बाटल्या, फळं, दही घ्या, नळाचं पाणी प्यायचं नाही. जमलं तर पहिल्याच संध्याकाळी तासभर पायांचा मसाज, साध्या दुकानात तीनशे-चारशे बाहत, दोघं शेजारी शेजारी खुर्चीत.

दुसरा दिवस मोठा. सकाळी साडेआठला ग्रँड पॅलेस उघडतो, त्या वेळेला दारात पाहिजे, दहाला टुरिस्ट बसेस येतात आणि मग मजा जाते. मेट्रोचं सनाम चाय स्टेशन जवळ, तिथून पंधराएक मिनिटं चालत. कपडे नीट, खांदे आणि गुडघे झाकलेले, दोघांचेही, पुरुषांना हाफ पँट चालत नाही. आणि वाटेत कुणी चांगल्या कपड्यातला माणूस गोड बोलून सांगेल की आज पॅलेस बंद आहे, सण आहे, मी टुकटुक करून देतो वीस बाहतमध्ये दुसरं देऊळ दाखवतो. हसून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं. आम्हाला दोघांनी सांगितलं, दोन वेगळ्या कोपऱ्यांवर. गेट उघडंच होतं. ते टुकटुक शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेतं.

आत पाचूचा बुद्ध आहे, खरं तर हिरव्या जेडचा, जेमतेम दोन फुटांचा, उंच सिंहासनावर. वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे त्याचे कपडे बदलतात आणि ते राजा स्वतः बदलतो. आपल्या विठ्ठलाला थंडीत कानपट्टी बांधतात ते आठवलं मला, उगाच डोळे भरून आले. पण माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे भोवतालच्या ओवऱ्या. भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, त्यांचं रामकियन, १७८ चित्रं. टूरच्या लोकांबरोबर हे पाच मिनिटांत उरकलं होतं, दुसऱ्यांदा आम्ही तिथे तासभर होतो. रावण त्यांचा थोत्साकान, म्हणजे दशकंठ, हिरव्या रंगाचा. हनुमान पांढरा शुभ्र, आणि तो ब्रह्मचारी नाही, रावणाच्या मुलीवर, सोनेरी जलपरीवर त्याचं प्रेम बसतं. आपण ज्या मारुतीला शनिवारी तेल घालतो त्याची अशी गोष्ट ऐकून माझ्या नवऱ्याला आधी विचित्र वाटलं, मग तोच एकेक चित्र शोधत पुढे. गोष्ट आपल्याला पाठ आहे म्हणून हे गाइडशिवाय कळतं, हा आपला फायदा आहे, तो वाया घालवू नका.

तिथून वात फो, दहा मिनिटं चालत. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब, फोटोत तो मावतच नाही, तळव्यांवर शिंपल्याचं काम. मागच्या बाजूला १०८ काशाची भांडी ओळीने, सुट्टी नाणी घेऊन एकेकात टाकत जायचं, तो टण् टण् आवाज मस्त येतो. आणि मग बस. जेवा, परत हॉटेल, झोपा.

वात अरुण संध्याकाळसाठी ठेवा. था तियन धक्क्यावरून पलीकडे जायला छोटी बोट, मोजके बाहत. अरुण म्हणजे सूर्याचा सारथी तोच. पूर्ण मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची फुलं केलीत, जवळ जाऊन बघा, लांबून कळत नाही. बंद व्हायच्या आधी तास-दीड तास तिथे, मग अंधार पडायच्या आत अलीकडच्या काठावर परत. का, तर दिवे लागलेलं वात अरुण या काठावरून दिसतं. डिनर क्रूझचे हजारो रुपये द्यायचे असतील तर द्या, पण आम्ही काठावर बसून हेच बघितलं, बाजूला कापलेल्या पेरूची पिशवी, आणि मला तरी यापेक्षा जास्त काही नको होतं.

तिसरा दिवस हलका ठेवायचा. सकाळी साडेसहाला लुंफिनी पार्क, लुंबिनीवरून नाव. म्हातारी माणसं व्यायाम करतात, तळ्यात भल्यामोठ्या घोरपडी पोहत असतात, त्या काही करत नाहीत, आपण पण करायचं नाही. शनिवार-रविवार असेल तर त्याऐवजी चातुचाक बाजार, हजारो गाळे, मो चित स्टेशन, सकाळी नऊ-दहाला जा आणि बाराला बाहेर या, दुपारी आत भट्टी होते. किंवा नदीपलीकडे बांग क्राचाओ, हिरवागार भाग, ख्लोंग तोई धक्क्यावरून बोट, पलीकडे भाड्याने सायकली, नारळ-केळीच्या वाड्यांतून सिमेंटच्या अरुंद उंच वाटा. मी अलिबागची, मला तिथे आमच्या वाडीत आल्यासारखं झालं. वाटांना कठडे नसतात, सायकल नीट येत असेल तरच. संध्याकाळी याओवारात म्हणजे चायनाटाउन, वात मांगकोन स्टेशन. सोमवारी जाऊ नका, बरेच स्टॉल बंद असतात.

चौथ्या दिवशी अयुथया. अयोध्येवरूनच नाव, १३५० मध्ये वसलेली राजधानी, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळली, आता विटांचे अवशेष. हुआ लॅम्फोंग या जुन्या स्टेशनवरून साधी गाडी मिळते, थर्ड क्लासचं तिकीट वीस बाहतच्या आसपास, पंखे, उघड्या खिडक्या, दीड-दोन तास. टॅक्सीचे हजार-दीड हजार वाचतात म्हणून नाही सांगत, खिडकीतून भातशेती बघत जाण्यासाठी सांगतेय. उतरून छोट्या बोटीने नदी ओलांडायची, पलीकडे सायकल किंवा तीनचाकी. वात महाथातमध्ये पिंपळाच्या जातीच्या झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. त्याच्यासोबत फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर नको. सगळे अवशेष बघायचा हट्ट धरू नका, तीन पुरे, शेवटचं वात चायवत्थनाराम, नदीकाठी, दुपार उतरताना. टोपी आणि इलेक्ट्रॉल न्या.

पाचव्या दिवशी खरेदी आणि राहिलेलं. चित लोम स्टेशनला उतरलं की एरावन मंदिर, ते १९५६ चं, चार मुखांचा ब्रह्मदेव, झेंडूच्या माळा, बाजूला नाचणाऱ्या मुली. ब्रह्मदेवाचं एवढं चालतं देऊळ आपल्याकडे कुठे दिसतं. पुढे सेंट्रलवर्ल्ड मॉलच्या बाहेर गणपती आणि त्रिमूर्ती. गणपतीला ते फ्रा फिकानेत म्हणतात, फार मानतात, लाल सरबताच्या बाटल्या ठेवतात नैवेद्याला. आणि त्रिमूर्ती प्रेमाचा देव मानतात तिथे. गुरुवारी रात्री साडेनऊला तरुण मुलं-मुली लाल गुलाब घेऊन रांगेत, जोडीदार मिळावा म्हणून. आमचा योगायोगाने गुरुवार होता. लग्नाला सतरा वर्षं झालेली, तरी त्याने गुलाब घेतले, माझ्याकडे न बघता जाऊन वाहिले. तुमचा गुरुवार जमत असेल तर प्लॅन तसा फिरवा.

खाणं, विशेषतः एक शाकाहारी आणि एक मासे खाणारी असेल तर

मी मासे सोडत नाही, नवरा अंडं पण खात नाही. पहिल्या ट्रिपला तो चार दिवस ब्रेड-जॅम आणि भारतीय बुफेवर होता. दुसऱ्यांदा आम्ही दोन शब्द पाठ करून गेलो. पहिला "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो, इंग्रजी सतरासारखा दिसतो, आणि तिथे मांस, मासे, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसतं, म्हणजे आपल्या चातुर्मासवाल्या आजीलाही चालेल. दुसरा "मांगसाविरत", नीट बघा, मांस आणि विरती. यात अंडं चालतं, म्हणून "माय साय खाय", अंडं घालू नका, हे वेगळं सांगायचं. सगळ्यात महत्त्वाचं "माय साय नाम प्ला", फिश सॉस घालू नका. नुसतं "नो मीट" म्हटलं तर भाज्या येतात पण सॉस माशाचा किंवा ऑयस्टरचा असतो, त्यांच्या मते ते मांस नाही. सोम तामात, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सुकी कोळंबी असते, ती मी खायचे आणि तो माझ्याकडे बघत बसायचा. तिखटाचं "माय फेत", तिखट नको. आपण कितीही ठेचा खाणारे असलो तरी पहिल्या दिवशी हे म्हणा.

फाट काफ्राव नावाचा पदार्थ जागोजागी मिळतो, त्यात जी पानं असतात ती चक्क तुळस, आपल्या वृंदावनातली. परतलेली तुळस खाताना पहिला घास मला जड गेला, पण चव उत्तम. "जे"वाल्या दुकानात टोफू घालून करून देतात. आणि मँगो स्टिकी राइस, नारळाच्या दुधातला चिकट भात आणि पिकलेला आंबा, एप्रिलमध्ये असाल तर रोज खा. आपला नारळीभात आणि आमरस एका ताटात आल्यासारखं. मॉलच्या फूड कोर्टात स्वच्छता आणि भाव दोन्ही बरे, कार्डमध्ये पैसे भरायचे, उरलेले परत मिळतात. रोज एक वेळ तरी त्याला हवं तिथे आणि एक वेळ मला हवं तिथे, असं वाटून घेतलं होतं. चार दिवसांनी दोघांनाही वरण-भाताची आठवण आली तेव्हा फाहुरात म्हणजे तिथल्या लिटिल इंडियात गेलो, सॅम योत स्टेशन, गुरुद्वाऱ्याच्या आसपास पंजाबी खाणं, मिठाई, आणि कापडाची दुकानं.

काही गोष्टी ज्या पाळायच्याच

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं, स्टेशनवर, पार्कमध्ये, सगळे थांबतात, तुम्ही पण थांबा. राजघराण्याबद्दल चेष्टेत सुद्धा बोलू नका, कायदा कडक आहे, तुरुंग होतो. बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, बोटीत शेजारची जागा पण सोडायची. देवळात मिठी मारून फोटो नको, बाहेर हात धरा काही नाही. व्हेप, ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे. गांजाची दुकानं दिसतील, त्या वाटेला जायचं नाही, आणि परतताना कुणी "एवढी पिशवी मुंबईला द्याल का" म्हटलं, मराठी बोलणारा असला तरी, नाही म्हणजे नाही. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांत मुंबई विमानतळावर गांजा सतत पकडला जातो.

बोलताना पुरुषाने शेवटी "ख्राप" आणि बाईने "खा". सवादी खा म्हणजे नमस्कार, खोप खुन खा म्हणजे थँक यू. सवादी म्हणजे आपलं स्वस्ति. हे दोन शब्द म्हटले की समोरचा चेहरा खुलतो, भाव पण थोडा उतरतो.

आणि दोघांमधलं एक. रोज दुपारी तास-दोन तास वेगळं राहायला हरकत नाही. तो पोहत होता, मी खालच्या दुकानात नुसती भटकत होते. संध्याकाळी भेटलो की एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. उंचावरून शहर बघायचं असेल तर महानाखोन इमारतीवर तीनशे मीटरच्या वर उंचीवर काचेची जमीन आहे, तिकीट महाग, मी उभी राहिले, त्याने काठावरून माझे फोटो काढले, त्याला उंचीची भीती वाटते, मी ओढलं नाही. रूफटॉप बारला जायचं तर त्याने फुल पँट आणि बूट, चपला-शॉर्ट्सवर परत पाठवतात.

निघताना

एका दुकानात एका दिवशी दोन हजार बाहतच्या वर खरेदी केली असेल तर पासपोर्ट दाखवून टॅक्स रिफंडचा फॉर्म तिथेच मागून घ्या, एअरपोर्टला बॅग चेक-इन करायच्या आधी त्यावर शिक्का लागतो का ते विचारा, नंतर गेलात तर हुकलं. विमानाच्या तीन तास आधी पोचा, संध्याकाळचं विमान असेल तर ट्रॅफिकचा तास आणखी धरा, किंवा सरळ रेल लिंकनेच जा. उरलेली नाणी फूड कोर्टात संपवा, परत आल्यावर ती कुणी बदलून देत नाही.

इमिग्रेशन झालं की पुढे समुद्रमंथनाचा प्रचंड मोठा देखावा आहे, मधे कासवावर पर्वत, त्यावर विष्णू, वासुकीला एका बाजूने देव ओढतायत दुसऱ्या बाजूने दैत्य. पहिल्या वेळी गाइडच्या झेंड्यामागे पळताना तो आम्हाला दिसलाच नव्हता. दुसऱ्या वेळी वेळ हातात होता, अख्खी फेरी मारली, एका जपानी काकूंनी आमच्या दोघांचा फोटो काढून दिला, तोच आता हॉलमध्ये लावलाय.